लोकशाही आणि एकाधिकारशाही

राज्यकारभाराच्या दोन पद्धती. ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांनाच राज्यकर्ते नेमण्याचा, त्यांना जाब विचारण्याचा आणि वेळ आली की घरी बसवण्याचा अधिकार जिथे असतो ती लोकशाही. हा अधिकार एखादी व्यक्ती, घराणे, पक्ष किंवा लष्करी गट स्वतःच्या मुठीत ठेवतो ती एकाधिकारशाही. व्याख्येतले ‘घरी बसवणे’ सर्वांत महत्त्वाचे, कारण निवडणुका तर उत्तर कोरियातही होतात आणि त्या देशाच्या अधिकृत नावात ‘लोकशाही’ हा शब्दही आहे.

बोलताना आपण सगळ्याला सरसकट हुकूमशाही म्हणतो, पण तिच्यात प्रकार आहेत. सौदी अरेबियात सत्ता राजघराण्याकडे आहे आणि १९९२ च्या मूलभूत कायद्याने ती तशीच राखली आहे. चीन, व्हिएतनाम, क्यूबा इथे एकाच पक्षाचे राज्य. म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने निवडून आलेले सरकार हटवले. राजा असला म्हणजे लोकशाही नाही असेही नव्हे. ब्रिटनमध्ये राजा आहे, जपानमध्ये सम्राट आहे, पण हुकूम त्यांचा चालत नाही.

सोलापूरकरांना हा फरक पुस्तकातून शिकावा लागला नाही. ६ एप्रिल १९३० रोजी इथल्या नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकला. मेच्या पहिल्या आठवड्यात गांधीजींना अटक झाली, गिरण्या बंद पडल्या, ८ मे रोजी जमावावर गोळीबार झाला. चिडलेल्या लोकांपुढे सरकारी अंमल कोलमडला आणि पुढचे तीन-चार दिवस शहराची व्यवस्था, अगदी रस्त्यावरच्या वाहतुकीसकट, काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी पाहिली. १२ मे रोजी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, पुकारला गेला. तो जूनअखेरपर्यंत राहिला, म्हणजे जवळपास सात आठवडे. डोक्यावर गांधी टोपी किंवा हातात झेंडा एवढे कारणही तेव्हा शिक्षेला पुरे होते. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि ‘गझनफर’ साप्ताहिकाचे संपादक कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. चार हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्याला ही नावे माहीत असतात.

या घटनेतली एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. त्या वेळी ब्रिटन हा पूर्ण वाढीचा लोकशाही देश होता. १९२८ मध्ये तिथल्या स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळाला होता आणि १९२९ च्या निवडणुकीनंतर सरकार मजूर पक्षाचे होते. तेच सरकार असताना सोलापुरात लष्करी कायदा चालला. म्हणजे एकच सत्ता लंडनमध्ये लोकशाही आणि सोलापुरात एकाधिकारशाही होती, कारण तिथला कामगार त्या सरकारला पाडू शकत होता आणि इथला गिरणी कामगार पाडू शकत नव्हता. देशांची यादी करून ‘हा लोकशाही, तो हुकूमशाही’ असे शिक्के मारताना हे ध्यानात ठेवावे.

शेजारीही वेगवेगळ्या राजवटी नांदत होत्या. पूर्वेला पन्नास किलोमीटरच्या आत नळदुर्गला निजामाचा मुलूख लागे. तिथे राज्य एकट्या मीर उस्मान अली खानाचे होते आणि ते सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजांमुळेच संपले. पश्चिमेला सांगोल्यापलीकडे आटपाडी, म्हणजे औंध संस्थान. तिथल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये आपणहून सत्ता लोकांच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. एकाधिकारशाही सत्ता आपणहून क्वचितच सोडते. औंध हा अपवाद.

दोन्ही पद्धती प्रत्यक्षात कशा चालतात ते मतांच्या आकड्यांवरून समजते. मार्च २०१८ मध्ये चीनच्या राष्ट्रीय लोककाँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, राष्ट्राध्यक्षपदाची दोन कार्यकाळांची मर्यादा काढून टाकली. ठरावाच्या बाजूने २,९५८ मते, विरोधात २. त्याउलट १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार लोकसभेत २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले आणि पंतप्रधानांनी राजीनामा दिला. दुसरा प्रसंग अस्थिर आणि खर्चिक, कारण मागोमाग निवडणुका आल्या. पण सत्ता हातून गेली तरी रक्त सांडले नाही.

खरी कसोटी दुष्काळात लागते, आणि सोलापूर जिल्ह्याला दुष्काळ काय ते सांगायला नको. १९५८ मध्ये चीनने ‘मोठी झेप’ ही उत्पादन झपाट्याने वाढवण्याची मोहीम सुरू केली. वरिष्ठांना खूश करण्यासाठी स्थानिक अधिकारी धान्याचे फुगवलेले आकडे पाठवत, त्या आकड्यांवर सरकारी उचल ठरे, आणि पिकवणाऱ्याच्या घरात काही उरत नसे. संरक्षणमंत्री पेंग देहुआय यांनी १९५९ मध्ये लुशानच्या बैठकीत शंका काढली, तर त्यांचेच पद गेले. मग बोलणार कोण? त्या दुष्काळात मेलेल्यांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात.

महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा पिके चीनहून काही चांगली नव्हती. पण वर्तमानपत्रे लिहीत होती, विरोधक विधानसभेत प्रश्न विचारत होते, तहसील कचेऱ्यांवर मोर्चे येत होते. सरकारला कामे काढावी लागली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा: खडी फोडून हाताला आलेले घट्टे, पाझर तलावाची माती, आणि कामावर मिळणारी सुकडी. हाल झाले, जनावरे गेली, पण भुकेने गावे ओस पडली नाहीत. त्यातूनच रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला. मुक्त वृत्तपत्रे असलेल्या लोकशाहीत मोठा भूकबळीचा दुष्काळ पडत नाही, या अमर्त्य सेन यांच्या मांडणीसाठी भारत आणि चीन ही नेहमीची जोडी आहे. कुपोषणासारखी सावकाश मारणारी भूक मात्र लोकशाही तितक्या तत्परतेने ऐकत नाही, हेही सेन सांगतात.

एकाधिकारशाहीची बाजू घेणारे सिंगापूरचे नाव काढतात. पीपल्स ॲक्शन पार्टी तिथे १९५९ पासून सत्तेत आहे, शहर स्वच्छ, कारभार चोख. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात हा मुद्दा हसण्यावारी नेता येत नाही. पण सिंगापुरात निवडणुका होतात, न्यायालये व्यापाराचे तंटे नीट सोडवतात. तो निव्वळ हुकूमशाहीचा नमुना नाही. शिवाय एका सिंगापूरमागे किती म्यानमार, हे मोजायला कोणी बसत नाही.

लोकशाही मोडते ती बहुतेक वेळा कायद्याचा हात धरूनच. हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी रीतसर चॅन्सेलर झाला आणि दोन महिन्यांच्या आत संसदेनेच आपले अधिकार त्याच्या सरकारला दिले. भारतात २५ जून १९७५ ची आणीबाणीही राज्यघटनेतल्या तरतुदीनुसारच आली. मार्च १९७७ मध्ये मतदारांनी ते सरकार घालवले आणि ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून ‘सशस्त्र बंड’ घातले. दक्षिण कोरियात ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्षांनी मार्शल लॉ पुकारला. काही खासदार कुंपणावरून उड्या मारून राजधानी सोलमधल्या संसदेत पोहोचले आणि १९० विरुद्ध शून्य मतांनी तो फेटाळला. पहाटेपर्यंत तो मागे घेतला गेला. सोलापूरचा सात आठवडे चालला होता, सोलचा सहा तास.

योगायोग असा, की त्याच दिवशी माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने मतपत्रिकेवर आपले आपण फेरमतदान घ्यायचे ठरवले होते. नुकत्याच झालेल्या विधानसभा निवडणुकीतल्या गावच्या मोजणीवर त्यांचा विश्वास नव्हता. गंमत म्हणजे तक्रार करणाऱ्यांचा उमेदवार मतदारसंघात निवडून आला होता. प्रशासनाने जमावबंदी लावली, मतदान झाले नाही.

सोलापूर महापालिकेची मुदत २०२२ मध्ये संपली, त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे होता. कामे चालू राहिली, काही भराभरही झाली. गटार तुंबले की ज्याच्या दारात जाऊन ओरडायचे, तो नगरसेवक तेवढा माजी झाला होता.