बाशीबोझुक : बिघडलेले डोके कोणाचे?

बाशीबोझुक म्हणजे उस्मानी (तुर्की) साम्राज्याच्या कवायती फौजेबाहेरचा हत्यारबंद शिपाई. तुर्कीत बाश म्हणजे डोके, त्याला जोडलेला ‘ई’ म्हणजे ‘त्याचे’, आणि बोझुक म्हणजे बिघडलेले. लिफ्ट बंद पडली तरी ती ‘बोझुक’च, आणि सुटी नाणी म्हणजे ‘बोझुक पारा’. गोंधळ होतो तो ‘बाशी’मुळे. युझबाशी शंभरांचा म्होरक्या, बिनबाशी हजारांचा. म्हणून हाही हुद्दाच वाटतो. पण हा आपल्या व्याकरणातला बहुव्रीही आहे: ज्याचे डोके बिघडले आहे तो. आणि इथे डोके म्हणजे मेंदू नव्हे, वरचा धनी. मोकाट कुत्र्याला तुर्कीत ‘बाशीबोश’ म्हणतात, तो याचा सख्खा भाऊ. त्यामुळे ‘माथेफिरू’ हे भाषांतर चुकते; ‘निर्नायकी’ जवळचे. उस्मानी बोलीत तर फौजेबाहेरच्या साध्या माणसालाही हेच म्हणत.

१८२६ मध्ये जानिसारी, म्हणजे सुलतानाचे जुने खडे पायदळ, मोडले, कवायती फौज आली आणि हा फरक ठळक झाला. बाशीबोझुकाला शिधा आणि दारूगोळा मिळे, पगार आणि गणवेश नाही. पगार नाही म्हणून लूट. गणवेश नाही म्हणून लुटीनंतर ओळख पटत नाही. आणि कापायला पगारच नसल्याने साधा दंडही करता येत नाही. १८५५ मध्ये, क्रिमियाच्या युद्धात, तुर्कांचे दोस्त असलेल्या ब्रिटिशांनी दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीपाशी त्यांना पगारावर बांधून पाहिले. नेमलेला सेनापती निजामाच्या घोडदळात मुरलेला, घोडा आणि हत्यार शिपायाचे ही शिलेदारी त्याच्या सवयीची. तरी शिस्त बसली नाही आणि काही महिन्यांतच त्याला हटवले गेले.

खरा वाद १८७६चा. हर्झेगोव्हिनातल्या बंडात कवायती पलटणी अडकल्या होत्या, तेवढ्यात बल्गेरियातही उस्मानी सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि तिथल्या मुसलमान गावकऱ्यांना हत्यारबंद केले गेले. याला नाइलाज म्हणणारे आजही आहेत, पण क्रिमियाचा धडा जेमतेम वीस वर्षांपूर्वीचा होता. बाताक गावात हजारो मारले गेले. मारणाऱ्यांत मोठा भरणा पोमाकांचा, म्हणजे बल्गेरियनच बोलणाऱ्या मुसलमानांचा. युरोपच्या वर्तमानपत्रांनी मात्र पोमाक, कॉकेशसमधून आलेले चेर्केस, सगळे एकाच नावाखाली घातले. ब्रिटनच्या एका माजी पंतप्रधानांनी सप्टेंबरात या कत्तलींवर काढलेली पुस्तिका हातोहात खपली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये रशियाने तुर्कांविरुद्ध युद्ध पुकारले. तोवर पाश्चात्त्य भाषांत या शब्दाची शिवी झाली होती.