ऐनाच्या फांदीवरचा कोसा

करवतकाठी साडीचं टसर रेशीम कोशातून निघतं, हे पूर्व विदर्भात पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण त्या कोशातून बाहेर पडणारं पाखरू पाहिलंय का, असं विचारा. बहुतेक जण गप्प बसतील. त्यांचा तरी काय दोष? ते रात्री उडतं आणि जेमतेम आठवडाभर जगतं. या पतंगाचं शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिटा. पंख पसरले की माणसाच्या पंजाहून मोठा भरतो. नर तांबूस तपकिरी, मादी बहुधा पिवळसर किंवा करडी. चारही पंखांवर एकेक गोल डोळा, आणि त्याच्या मधोमध खवले नसल्यामुळे चक्क आरपार दिसतं. खाण्याजोगं तोंडच नसल्याने अळीपणी ऐन-अर्जुनाचा पाला खाऊन साठवलेल्या शिदोरीवर सगळा संसार. नराच्या मिशा पिसांसारख्या फुटलेल्या असतात. अंधारात मादीचा गंध तो त्यांनीच टिपतो.

खरी करामत आहे ती कोशाची. अळी आधी डहाळीभोवती रेशमाचं कडं घालते, त्याला देठ विणते आणि मग खाली कोसा. त्यामुळे पानगळीत पानं झडतात, कोसा मात्र लटकलेलाच राहतो. वर्षातली शेवटची पिढी हिवाळा आणि विदर्भाचा उन्हाळा अशी आतच काढते. आतल्या जिवाची वाढ थांबलेली असते, ती पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा सुरू होते. एवढे महिने उघड्यावर टिकायचं म्हणून भिंतही तशीच हवी. अळी रेशमात कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक मिसळते, टॅनिन या तुरट द्रव्यामुळे रेशमाचे धागे चिकटवणारा डिंक आणखी घट्ट होतो. पतंगाला स्वतःला बाहेर पडताना कोकूनेज नावाचं विकर सोडून तो मऊ करावा लागतो. तुतीवरच्या रेशीमकिड्याचा कोसा गरम पाण्यात सुटतो. टसरचा सोडा घालून उकळावा लागतो, तो याचमुळे.

तुतीचा रेशीमकिडा याचा सख्खा नव्हेच, त्याचं कूळ वेगळं. त्याचा पतंग तर माणसाच्या दावणीला राहून उडणंही विसरला. टसरचे खरे भाऊबंद म्हणजे आसामचा मुगा, एरंडावरचा एरी, चीनचा ओक-टसर. लांब शेपटीचा फिकट हिरवा चंद्रपतंग यांच्यातलाच. मोईच्या झाडावर त्याची अळी सापडते. ‘जगातला सर्वात मोठा पतंग आढळला’ अशी बातमी दर पावसाळ्यात येते, तो अ‍ॅटलासही याच कुळातला. मुगा, टसर आणि ओक-टसर दिसायला सारखे, पण गुणसूत्रं मोजली तर गंमत: मुग्यात 15 जोड्या, टसरमध्ये 31, चिनी भावात 49!

भंडारा-गडचिरोलीकडे ढिवर समाजातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या कोसा पिकवतात. टसरच्या स्थानिक वाणांपैकी एकाचं नावच ‘भंडारा’. अळ्या उघड्या झाडावर वाढतात, म्हणून पक्षी, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्यापासून दिवसभर राखण. उझी माशी तर अळीच्या अंगावरच अंडी घालते, आणि तिची पिल्लं अळीला आतून खातात.

सगळ्यात वाईट पेब्रिन. हा रोग आईकडून अंड्यात उतरतो, त्यामुळे राखण करून उपयोग नाही. त्यावरची तोड लुई पाश्चरने 1860च्या दशकात फ्रान्समधल्या तुतीच्या किड्यांसाठी काढली आणि बियाणं तयार करताना आजही तीच चालते: मादीने अंडी घातली की तिचं पोट खलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. रोगाचे बीजाणू दिसले, की तिची सगळी अंडी नष्ट.