टॉर्चचा सेल एकदा काट्यावर ठेवून बघा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून बाबांनी डोक्याला बांधायचा टॉर्च आणला, खोक्यावर ५०,००० लुमेन, आत ९९०० एमएएचचा (सेलात किती वीज मावते त्याचं माप) सेल आणि एकदा चार्ज केला की म्हणे १० तास. पावसात लाइट गेली तरी बाबा रात्री कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पाट तुंबलाय का बघायला जातात, त्यासाठीच घेतला, आणि तिसऱ्याच रात्री पाऊण तासात तो विझला. पोफळींमधून अंधारात चाचपडत आले बिचारे. पायाखाली घोणस असू शकते अशी जागा ती, मला खूप राग आला आणि मी हिशोबालाच बसलो.

लुमेन म्हणजे दिव्यातून सगळा मिळून किती उजेड बाहेर पडतो ते माप. घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन देतो, म्हणजे वॉटमागे १००. तोच दर धरला तर ५०,००० लुमेनला ५०० वॉट पाहिजेत, आणि त्यातले अर्ध्याहून जास्त उष्णतेत जाणार, म्हणजे कपाळाला तापलेली इस्त्रीच बांधल्यासारखं!

आता सेल. ह्याला १८६५० म्हणतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. एवढ्याशा नळीत चांगल्या कंपनीचा सेलसुद्धा ३५०० एमएएचच्या आसपासच थांबतो, त्याला सेलच्या ३.६ व्होल्टने गुणून हजाराने भागलं की झाले साडेबारा वॉट-तास, म्हणजे साडेबारा वॉटचा दिवा तासभर. ५०० वॉट खेचले तर दीड मिनिटात खल्लास. म्हणजे खोक्यावरचे आकडे एकमेकांनाच खोटं पाडतात, त्यासाठी लॅब नको.

मग सेल काढून ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवला. २७ ग्रॅम! खरा भरलेला सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो, कारण वीज साठते ती आतल्या गुंडाळलेल्या पत्र्यांवरच्या मालात, माल कमी तर वीज कमी. काही जण आत पावडर भरून वजन वाढवतात, त्यामुळे जड सेल खरा असेलच असं नाही, पण इतका हलका असेल तर खोटा नक्की समजा.

रिकामा सेल परत चार्जिंगला लावताना मध्ये किती वीज गेली ते मोजणारा यूएसबी मीटर जोडला, तर जेमतेम ११०० एमएएच गेले. म्हणजे ४ वॉट-तास, ते पाऊण तासात संपले म्हणजे ५ वॉटचा दिवा, म्हणजे उजेड ५०० लुमेनच्या आसपास. लिहिलेल्याचा शंभरावा भाग.

लाइट गेल्यावर पेटणाऱ्या बल्बचंही असंच बघा, ९ वॉट आणि ४ तास लिहिलं असेल तर ३६ वॉट-तास लागतील, आत २२०० एमएएचचा सेल असला तर ८ च आहेत. तो ४ तास चालतो खरा, पण २ वॉटवर, मिणमिणता.

बाबांच्या नव्या टॉर्चवर ३०० लुमेन लिहिलंय, सेल ४६ ग्रॅमचा. परवा रात्री दोन तास कुळागरात होते, येईपर्यंत चालू होता.