बर्फाखालचा डबा: स्नोमोबाइल आणि जिओकॅशिंग यांची पूर्वपीठिका

कंधार तालुक्यातील आमच्या गावाची पांदण श्रावणात बंद पडत असे. काळी माती एकदा पोटभर पाणी प्याली की बैलगाडीचे चाक आखापर्यंत रुतते आणि गावाचा सडकेशी असलेला संबंध तुटतो. माझ्या आत्याला साप चावला तेव्हा चार माणसांनी तिला बाजेवर घालून गुडघाभर चिखलातून नेले, आणि चार किलोमीटरवरच्या सडकेला पोहोचायला अर्धा दिवस लागला. आत्या वाचली. स्नोमोबाइलचा, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीचा, इतिहास वाचताना हा प्रसंग मला दर वेळी आठवतो, कारण त्या यंत्राची कथाही अशाच एका बंद रस्त्यापाशी येऊन थांबते.

कॅनडातील क्युबेक प्रांतात वाल्कूर नावाचे छोटे गाव आहे. तेथील मेकॅनिक जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात आंत्रपुच्छाच्या (अपेंडिक्सच्या) दुखण्याने दगावला. रस्ते बर्फाने बुजले होते आणि मुलाला रुग्णालयात नेण्याचे कोणतेही साधन नव्हते. बर्फावर चालणाऱ्या गाड्यांचे प्रयोग बोंबार्दिए तरुणपणापासून करीत होते, पण या मृत्यूनंतर त्यांनी त्या कामाला वाहून घेतले. दातेरी चाकावर फिरणारा रबरी पट्टा ही त्यांची खरी देणगी होय. चाकाचे वजन एका ठिकाणी पडते म्हणून ते रुतते, तर रुंद पट्टा तेच वजन मोठ्या पृष्ठभागावर पसरवतो, त्यामुळे गाडी भुसभुशीत बर्फावर तरंगल्यासारखी चालते. १९३७ मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि सात माणसांची ‘बी-७’ ही गाडी विक्रीस आली. डॉक्टर, टपाल आणि शाळेची मुले यांची ने-आण अशा गाड्यांतून होऊ लागली.

त्याआधी, १९२४ मध्ये, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात कार्ल एलियासन यांनी लाकडी घसरगाडीला अडीच अश्वशक्तीचे बोटीचे इंजिन बसवले होते. पायाच्या व्यंगामुळे शिकारीला जाताना त्यांना बर्फातून सोबत्यांच्या बरोबरीने चालता येत नसे. दोन्ही यंत्रे गरजेतून आली, हौसेतून नव्हे, आणि हे मुद्दाम नोंदवण्याजोगे आहे. हौस नंतर आली. क्युबेक सरकारने १९४८ मध्ये हिवाळ्यातही रस्ते मोकळे ठेवण्याचे ठरवल्यावर मोठ्या बर्फगाड्यांची मागणी घसरली आणि बोंबार्दिए यांना हलक्या गाडीचा विचार करावा लागला. १९५९ मध्ये बाजारात आलेली ‘स्की-डू’ पहिल्या हंगामात २२५ विकली गेली. रस्ते सुधारले म्हणून रस्ता सोडून फिरण्याचे वाहन जन्मले, असा हा उलटा प्रवास आहे. आज एकट्या क्युबेकात स्नोमोबाइलसाठी आखलेल्या वाटांची लांबी ३० हजार किलोमीटरहून अधिक आहे.

यंत्राने पोहोचण्याचा प्रश्न सोडवला, तरी आपण नेमके कोठे पोहोचलो हा प्रश्न उरलाच. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याचे विमा व्यावसायिक राल्फ प्लेस्टेड आणि त्यांचे सहकारी एप्रिल १९६८ मध्ये स्नोमोबाइलवरून उत्तर ध्रुवावर पोहोचले, तेव्हा दिशा आणि स्थान यांसाठी त्यांच्याजवळ सेक्स्टंट हे कोन मोजण्याचे साधन होते. सूर्याची उंची मोजायची, आकडेमोड करायची आणि पायाखालचे बर्फ सतत सरकत असताना आपली जागा ठरवायची! अमेरिकी हवाई दलाच्या विमानाने वरून खातरजमा केली तेव्हा त्या दाव्यावर शिक्कामोर्तब झाले.

दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, जीपीएसचा पहिला उपग्रह सोडण्यात आला. मात्र सर्वसामान्यांना मिळणाऱ्या संकेतात अमेरिकी लष्कर हेतुपुरस्सर चूक मिसळत असे, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत फरक पडू शकत होता. १ मे २००० च्या मध्यरात्री ही चूक काढून टाकण्यात आली. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, संगणक सल्लागार डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळच्या जंगलात एक काळी बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत नोंदवही, पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू होत्या, त्यात घेवड्याचा एक डबाही होता. तीन दिवसांत दोघांनी ती शोधून काढली. महिनाअखेरीस मॅट स्टम यांनी अक्षांश-रेखांशावरून दडवलेला डबा शोधण्याच्या या खेळाला जिओकॅशिंग हे नाव सुचवले.

या नावातील ‘कॅश’ ऐकून आपल्याकडे रोकड आठवते, पण हा शब्द लपवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आहे. उत्तर अमेरिकेत कातड्यांचा व्यापार करणारे फ्रेंच भाषक शिकारी परतीच्या वाटेसाठी शिधासामग्री दडवून ठेवीत आणि त्या साठ्याला हेच नाव देत. म्हणजे हिवाळ्यात बर्फगाडीवरून कॅश शोधायला निघणे ही ओढूनताणून जुळवलेली जोडी नाही. शब्द आणि यंत्र यांचे मूळ त्याच थंड मुलखात, बरेचसे त्याच भाषेत आहे.

आता या खेळात प्रत्येक डब्याला शोधाची आणि वाटेची कठीणता एक ते पाच अंकांत दिली जाते, आणि स्नोमोबाइलने जाण्याजोग्या जागेसाठी वेगळी खूणही आहे. परवानगीशिवाय डबा जमिनीत पुरायचा नाही असा नियम आहे, पण बर्फ तो आपोआप पुरते. अक्षांश-रेखांशातील मिनिटाचे, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचे, तिसरे दशांश स्थान सुमारे दोन मीटर दाखवते, तर हातातले यंत्र पाच-दहा मीटर चुकू शकते, आणि उंचीचा तर त्यात विचारच नसतो. डोंगरउतारावर हिमकडा कोसळण्याचे भय वेगळेच. गाडले गेलेल्याला शोधता यावे म्हणून अंगावर ४५७ किलोहर्ट्झवर चालणारे संदेशयंत्र बांधतात. मोबाइल किंवा जीपीएस त्याच्यापासून एरवी २० आणि शोध घेताना ५० सेंटिमीटर दूर ठेवावे लागते, नाहीतर संकेतात अडथळा येतो. डबा शोधणाऱ्याच्या हातात जीपीएस सतत असते, म्हणून ही सूचना त्याने सर्वांआधी पाठ करायला हवी.

माझा भाचा अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या उत्तर भागात कीविनॉ द्वीपकल्पाजवळ शिकतो. तेथे वर्षाला सरासरी पाच मीटरहून अधिक बर्फ पडते. जानेवारीत तो मित्रांसोबत भाड्याच्या स्नोमोबाइलवरून एका डब्यापर्यंत गेला. गाडी वाटेवर उभी करून शेवटचे शंभर पावले चालत गेला, यंत्राची बॅटरी गोठू नये म्हणून ती आतल्या खिशात धरून, आणि तासभर एका भूर्जवृक्षाच्या फांद्या चाचपून रिकाम्या हाताने परतला. मे महिन्यात बर्फ वितळल्यावर तो पुन्हा गेला. डबा त्याच झाडाच्या बेचक्यात, त्याच्या छातीइतक्या उंचीवर बसवलेला होता. “मामा, जानेवारीत मी त्या डब्याच्या वर उभा होतो,” असे त्याने फोनवर सांगितले.