सॅटर्न रॉकेटच्या मुळाशी असलेला बोगदा

२०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ या मालिकेत जून १९६९ मध्ये चंद्रावर पहिले पाऊल ठेवतो तो सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव. मात्र या कल्पित इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला प्रसंग पृथ्वीवरच, अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे घडतो. चंद्रावर लष्करी तळ उभारण्यास विरोध करणारे जर्मन रॉकेट अभियंते वेर्नर फॉन ब्राउन अडचणीचे ठरू लागताच त्यांचा युद्धकाळ उकरून काढला जातो आणि अमेरिकेच्या चांद्ररॉकेटाच्या, म्हणजे सॅटर्न ५ च्या, या शिल्पकाराला पायउतार व्हावे लागते.

त्या प्रसंगात उघड होणारी हकीकत मात्र कल्पित नाही. १९४३ च्या ऑगस्टअखेर जर्मनीतील नॉर्डहाउझेनजवळच्या कोनस्टाइन टेकडीतील बोगद्यांत छळछावणीतून कैदी आणण्यास सुरुवात झाली आणि पुढे तेथेच व्ही-२ या नाझी जर्मनीच्या युद्धातील रॉकेटचा कारखाना चालू झाला. पहिले काही महिने कैदी बोगद्यातच चार मजली फळ्यांवर झोपत. सुरुंगांची धूळ, न थांबणारा खडखडाट आणि शौचासाठी कापलेली पिंपे यांत दिवस आणि रात्र वेगळी उरत नसे. घातपाताचा संशय आला, तर बोगद्यातल्याच क्रेनला फाशी दिली जाई. या कारखान्यासाठीच्या मिटेलबाऊ-डोरा छावणीत आलेल्या सुमारे ६०,००० कैद्यांपैकी जवळपास २०,००० दगावले. व्ही-२ च्या माऱ्यात जितके लोक मेले, त्यापेक्षा हा आकडा मोठा आहे. व्ही-२ घडवणारे फॉन ब्राउन एसएस या नाझी निमलष्करी संघटनेचे अधिकारी होते आणि कारखान्यात त्यांचे जाणेयेणे होते. कुशल कैदी निवडण्यासाठी आपण स्वतः बुखेनवाल्ड छावणीत गेलो होतो, असे १५ ऑगस्ट १९४४ च्या त्यांच्या पत्रातच नमूद आहे.

व्ही-२ आणि सॅटर्न ५ यांचे तांत्रिक नातेही तितकेच थेट आहे. व्ही-२ मध्ये अल्कोहोल आणि द्रवरूप ऑक्सिजन ज्वलनकक्षात ढकलण्यासाठी टर्बाइनवर चालणारा पंप होता, जो दर सेकंदाला सव्वाशे किलोंच्या आसपास द्रव पुरवी. सॅटर्न ५ च्या पहिल्या टप्प्यातील पाच एफ-१ इंजिनांपैकी प्रत्येकाचा पंप दर सेकंदाला अडीच टनांहून अधिक केरोसीन आणि ऑक्सिजन पुरवत असे. एवढ्या प्रवाहात ज्वाला डळमळू लागली, तर इंजिन क्षणात फुटत असे. म्हणून अभियंत्यांनी कक्षात मुद्दाम छोटे स्फोट घडवून ज्योत किती लवकर स्थिर होते हे तपासले आणि इंधन फवारणाऱ्या तबकडीवर तांब्याचे पडदे बसवले. हे काम अमेरिकेत, हजारो लोकांच्या हातून झाले. ते एका माणसाच्या नावावर जमा करणे जितके चूक, तितकेच त्याच्या पापाखातर ते मोडीत काढणेही चूक. मालिकेतही फॉन ब्राउन जातात, पण रॉकेट उडत राहते.

मला अधिक अस्वस्थ करते ती उघडकीची वेळ. मालिकेत त्यांची गरज संपते तेव्हा सत्य बाहेर येते. वास्तवात ‘ऑपरेशन पेपरक्लिप’ या मोहिमेखाली युद्धानंतर अमेरिकेत आणलेल्या जर्मन तज्ज्ञांची नाझी पार्श्वभूमी सरकारी कागदांतच सौम्य करण्यात आली. पुढे डिस्नेच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांतून फॉन ब्राउन घरोघरी पोहोचले आणि १९७७ मध्ये राष्ट्रीय नायक म्हणूनच निवर्तले. त्यांचे सहकारी आर्थर रुडॉल्फ त्याच बोगद्यात उत्पादन सांभाळत, आणि पुढे सॅटर्न ५ प्रकल्पाचे व्यवस्थापक झाले. त्यांची चौकशी झाली तेव्हा चंद्रमोहिमा संपून दशक उलटले होते. १९८४ मध्ये त्यांनी अमेरिका सोडली आणि तेथील नागरिकत्वावर पाणी सोडले.