पाकिटं तीन, औषध एकच

मागच्या हिवाळ्यात मावशी चार दिवसांसाठी आमच्याकडे आली आणि आल्याआल्याच सर्दीने बेजार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजच्या दारावर एक चिठ्ठी लागली. सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने आणि प्रत्येकात तिच्या सुबक अक्षरात ‘सायनसची, फ्लूची, तापाची’. सायनसची तिच्या पर्समध्ये कायम असते, फ्लूची कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेली, तापाची घरातलीच. तीन त्रास, तीन गोळ्या. मावशीच्या मते यात चुकण्यासारखं काहीच नव्हतं.

मी पट्ट्या उलट्या करून बघितल्या. चंदेरी कागदावर मुंगीच्या पायाएवढं अक्षर. चष्म्यानेही भागेना, म्हणून मोबाइलवर फोटो काढून मोठा केला. सायनसची गोळी: पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, फिनाइलेफ्रिन १०, क्लोरफेनिरामिन २. फ्लूची: पॅरासिटामॉल ५००, फिनाइलेफ्रिन ५, क्लोरफेनिरामिन २, शिवाय ३० मिलिग्रॅम कॅफिन. तापाची: नुसतं पॅरासिटामॉल, ६५०. चिठ्ठीबरहुकूम दिवसाला नऊ गोळ्या झाल्या असत्या आणि पॅरासिटामॉल ४९५० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची चोवीस तासांतली कमाल मर्यादा ४००० ची. मावशी जेमतेम ४५ किलोची. तिची मर्यादा त्याहूनही खालची.

सर्दीच्या औषधांचं कपाट दुरून भरगच्च दिसतं. सायनस, फ्लू, ‘कोल्ड’, ‘टोटल’, ‘मॅक्स’, ‘प्लस’, दिवसाची, रात्रीची. आत राबणारे गडी मात्र चार-पाचच. ताप आणि अंगदुखीला पॅरासिटामॉल. चोंदलेल्या नाकाला बहुतेक वेळा फिनाइलेफ्रिन. गळणाऱ्या नाकाला क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन. मरगळ घालवायला कॅफिन. खोकला असेल तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन. यातला एकही विषाणूच्या केसाला धक्का लावत नाही. सर्दी दोनशेहून जास्त विषाणूंमुळे होऊ शकते आणि ती आपल्या गतीनेच जाते. फ्लूच्या विषाणूवर ऑसेलटामिविरसारखी औषधं आहेत, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. पाकिटावर ‘फ्लू’ लिहिलेल्या गोळीत फ्लूच्या विषाणूविरुद्ध काहीही नसतं.

एकच औषध वेगवेगळ्या नावांनी विकण्याचा सगळ्यात उघडावाघडा किस्सा सर्दीचा नाही, दुखण्याचा आहे, पण तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑस्ट्रेलियात न्यूरोफेन या दुखण्यावरच्या गोळीची चार वेगळी पाकिटं मिळत: पाठदुखीसाठी, पाळीच्या दुखण्यासाठी, मायग्रेनसाठी आणि ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीसाठी. चारही पाकिटांत तंतोतंत तेच, आयबुप्रोफेन लायसिन ३४२ मिलिग्रॅम. किंमत साध्या न्यूरोफेनच्या जवळपास दुप्पट. आता पोटात गेलेल्या गोळीला पाठ कुठली आणि डोकं कुठलं हे कळणार कसं? ती रक्तात उतरते आणि रक्ताबरोबर सगळीकडे फिरते. तिथल्या ग्राहक आयोगाने कंपनीला कोर्टात खेचलं. २०१५ मध्ये कोर्टाने ही पाकिटं दिशाभूल करणारी ठरवली. २०१६ मध्ये आधी १७ लाख डॉलर दंड झाला आणि मग अपिलात तो ६० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेला.

सर्दीच्या गोळ्यांबाबत मामला इतका स्वच्छ नाही. त्यांच्यात थोडेफार फरक असतात खरे, फक्त ते पाकिटाच्या दर्शनी बाजूवर दिसत नाहीत. अमेरिकेतली सर्दीची औषधं घ्या, दिवसाचं डेक्विल आणि रात्रीचं नाइक्विल. पॅरासिटामॉल दोन्हींत, खोकला दाबणारं डेक्स्ट्रोमेथॉर्फनही दोन्हींत. दिवसाच्या औषधात फिनाइलेफ्रिन असतं. रात्रीच्यात त्याऐवजी डॉक्सिलामिन हे झोप आणणारं जुन्या पिढीचं अँटिहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीवरचं औषध. म्हणजे ‘रात्रीचं’ याचा अर्थ रात्री सर्दीवर जास्त जोर लावणारं असा नाही, डोळे मिटायला लावणारं इतकाच. आपल्याकडच्या क्लोरफेनिरामिनलाही हा गुण आहे. ती गोळी घेऊन दुपारी ऑफिसात पेंगणाऱ्यांना वाटतं, सर्दीने अंग मोडून आलंय.

आता फिनाइलेफ्रिन. सगळ्यात मजेशीर गोष्ट याचीच आहे. नाक चोंदतं ते शेंबडामुळे कमी आणि नाकाच्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या फुगल्यामुळे जास्त. त्या आवळल्या की वाट मोकळी होते. हे काम स्यूडोएफेड्रिन बरं करत असे, पण त्यापासून मेथॅम्फेटामिन हे नशेचं द्रव्य बनवता येतं. म्हणून अमेरिकेने २००६ पासून ते काउंटरच्या मागे नेलं. ओळखपत्र दाखवून, नोंद करूनच मिळायचं. कंपन्यांनी मोकळी जागा फिनाइलेफ्रिनने भरली. स्प्रे करून नाकात मारलं तर फिनाइलेफ्रिन काम करतंच. गिळलं की मात्र आतड्याच्या भिंतीतली आणि यकृतातली विकरं (एन्झाइम) वाटेतच त्याचा फडशा पाडतात. जुन्या मोजणीनुसार ३८ टक्के औषध रक्तात पोचत होतं. नव्या, नेमक्या मोजणीत कामाचं, सक्रिय रूपातलं औषध एक टक्काही भरलं नाही.

फ्लोरिडा विद्यापीठातले रँडी हॅटन आणि लेस्ली हेंडेलिस हे औषधशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेकडे हेच गाऱ्हाणं घेऊन जात राहिले, २००७ मध्ये एकदा आणि २०१५ मध्ये पुन्हा. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीने १६ विरुद्ध शून्य मतांनी कौल दिला: सध्याच्या मात्रेत गिळलेलं फिनाइलेफ्रिन नाक मोकळं करत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफडीएने ते नाक मोकळं करणाऱ्या, चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांच्या यादीतून काढण्याचा प्रस्ताव मांडला. एकट्या २०२२ मध्ये अमेरिकेत फिनाइलेफ्रिन असलेली औषधं सुमारे १.८ अब्ज डॉलरला खपली होती. मावशीच्या दोन्ही पट्ट्यांवर ते होतं, एकीत ५ आणि एकीत १०. नाकाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

मग गोळी घेतल्यावर नाक सुटल्यासारखं का वाटतं? थोडं क्लोरफेनिरामिनमुळे, कारण ते नाकाचा स्राव सुकवतं (तोंड कोरडं पडतं तेही त्यामुळेच), आणि बरंचसं मेंदूमुळे. बामचंच बघा. मेंथॉलच्या वासाने नाक खुलल्यासारखं वाटतं, पण हवा मोजणारं यंत्र लावलं तर आत जाणारी हवा तेवढीच भरते. नाकात थंडाव्याची जाणीव टिपणारा टीआरपीएम-८ नावाचा ग्राही आहे. मेंथॉल त्याला डिवचतं, आणि मेंदू समजतो की गार हवा भरभरून आत येतेय. हा ग्राही डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांनी स्वतंत्रपणे शोधला, तोही मेंथॉल वापरूनच. दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं त्या कामात हेही होतं. कार्डिफ विद्यापीठात २००८ मध्ये सर्दी झालेल्या ३० जणांना फळांचं सरबत गरम आणि साधं असं पाजून बघितलं. हवेच्या प्रवाहात फरक नाही, पण गरम पेयाने नाक, घसा, खोकला, थकवा सगळ्यालाच बरं वाटलं. आल्याच्या चहाची बाजू घ्यायला मला एवढं पुरेसं आहे.

गमतीचा भाग इथे संपतो, कारण तिन्ही पट्ट्यांत असलेलं पॅरासिटामॉल तितकं निरुपद्रवी नाही. मात्रेत घेतलं तर गुणी औषध. त्याचा थोडा अंश यकृतात एका विषारी पदार्थात बदलतो आणि यकृतातलं ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्याला लगेच निकामी करतं. मात्रा वाढली की ग्लुटाथायोनचा साठा आटतो आणि उरलेलं विष यकृताच्या पेशींनाच लागतं. वाईट हे की पहिल्या दिवशी फार तर मळमळते, आणि ती सर्दीच्या नावावर खपून जाते. यकृताची खरी पडझड दोन-तीन दिवसांनी दिसते. उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टिन, पण तो लवकर मिळावा लागतो. आणि विरोधाभास बघा: पाण्यात फसफसणारं, कफ पातळ करणारं औषध म्हणून मेडिकलच्या फळीवर हाच उतारा शेजारी बसलेला असतो.

सरकार अधूनमधून या मिश्रणांवर कात्री चालवतं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने १५६ ठरावीक मिश्रणांवर बंदी घातली, त्यात ताप-सर्दी-ॲलर्जीसाठीची काही होती. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन-फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापायला सांगण्यात आलं. पण दोन कायदेशीर गोळ्या एकाच पर्समध्ये एकत्र आल्या तर त्यावर कुठली बंदी घालणार? रक्तदाबवाल्याने फिनाइलेफ्रिन विचारून घ्यावं. प्रोस्टेट वाढलेल्या किंवा काचबिंदू असलेल्या आजोबांनी क्लोरफेनिरामिनपासून जपावं, लघवी अडकू शकते, डोळ्यांतला दाब वाढू शकतो. हे सांगणारं अक्षरही मागच्याच बाजूला असतं, असलंच तर.

मावशीला हिशोब पटला. ती हिशोबनीसच होती, बँकेत तीस वर्षं. चिठ्ठीवरची ‘सायनसची’ आणि ‘फ्लूची’ तिने खोडली. कणकण आणि अंगदुखी तेवढी उरली होती, म्हणून ‘तापाची’ ठेवली, ताप आला तरच असं कंसात लिहून. दोन दिवसांनी पट्टी संपली, तेव्हा स्वतःच मेडिकलमध्ये गेली. मी मागे उभा होतो.

“पॅरासिटामॉल द्या. नुसतं. बाकी काही नको त्यात.”

पोराने फळीकडे हात नेला आणि मध्येच थांबला. “कशासाठी पाहिजे, आजी? सर्दीसाठी, अंगदुखीसाठी, की तापासाठी?”