क्लिपलेस पेडल, माउंटन बायकिंगमधील

बुटाच्या तळव्यात बसवलेली धातूची छोटी क्लीट (अडकण्याची पट्टी) स्प्रिंगच्या जबड्यात पकडून ठेवणारे सायकलचे पेडल. पाऊल पुढून धरणारी जुनी ‘टो क्लिप’ यात नसते, म्हणून ‘क्लिपलेस’. पाऊल पुढे सरकवून दाबले की क्लीट अडकते, टाच बाहेर वळवली की सुटते.

उगम : ऱ्होड आयलंडच्या चार्ल्स हॅन्सन यांच्या १८९५ च्या पेटंटला अनेक ग्रंथ आद्य मानतात, मात्र त्यातून अखंड परंपरा सुरू झाली असे दिसत नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभीच्या इटालियन चिनेल्ली कंपनीच्या एम७१ पेडलात पाय सोडवण्यासाठी हाताने खटका ओढावा लागे. आजच्या पेडलांची वंशावळ लूक या स्की-बंधने (बूट स्कीला अडकवणारी साधने) बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीच्या १९८४ च्या पेडलापासून धरणे अधिक सयुक्तिक. १९८५ ची तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत फ्रेंच सायकलपटू बेर्नार इनो यांनी त्यावरच जिंकली. तरीही लूकची मोठी क्लीट तळव्याबाहेर येई आणि ती घालून चालणे कठीण होते. १९९० मध्ये शिमानो या जपानी सायकल-भाग कंपनीने दोन बोल्टांची, तळव्याच्या खाचेत लपणारी एसपीडी क्लीट आणली. माउंटन बायकिंगचा प्रश्न तिनेच सोडवला, कारण इथे सायकल ढकलत खडकांवरून चालावे लागतेच.

निवड : पायाला किती बळ मिळते यापेक्षा पाय किती खात्रीने सुटतो हे आधी पाहावे. शिमानोच्या पेडलात स्प्रिंगचा ताण ३ मिमी षटकोनी टोकाच्या अ‍ॅलन कीने कमीजास्त करता येतो. क्रँकब्रदर्स कंपनीच्या चारही बाजूंनी अडकणाऱ्या एगबीटर पेडलात तशी सोय नाही. तिथे डावी-उजवी क्लीट अदलाबदल करून सुटण्याचा कोन सुमारे १५ किंवा २० अंश करतात. त्याच्या उघड्या रचनेतून चिखल लवकर गळतो. तीव्र उतारांसाठी भोवती चौकट असलेले रुंद पेडल बरे, कारण पाय अडकला नाही तरी टेकायला जागा राहते. नवशिक्याने शिमानोच्या फक्त बाजूला वळवून सुटणाऱ्या एसएच५१ ऐवजी अनेक दिशांनी सुटणारी एसएच५६ क्लीट घ्यावी. मात्र पाय जोरात वर ओढल्यास ती नकळतही सुटते.

पेडल बसवणे : आटे बहुधा ९/१६ इंच व्यासाचे, इंचाला २०, डाव्या पेडलाचे उलट्या दिशेचे. या उलट्या आट्यांचे श्रेय सायकली बनवणाऱ्या राइट बंधूंना (विमानाच्या) दिले जाते. १९०० च्या सुमारास त्यांनी न निसटणाऱ्या पेडलाची जाहिरात केली हे खरे, पण त्यावरून ते आद्य ठरत नाहीत. कारणमीमांसाही अनेकदा उलटी सांगितली जाते. बेअरिंगचे घर्षण पेडलाचा आस सैल करण्याच्याच दिशेने ओढते. परंतु पायाचा भार आसाभोवती फिरत राहतो आणि आट्यांतल्या सूक्ष्म मोकळिकीमुळे आस विरुद्ध दिशेने घरंगळून घट्ट होत जातो. एरवी हा परिणाम वरचढ ठरतो. बेअरिंग जाम झाले तर मात्र घर्षण जिंकते आणि पेडल निघून येते.

आट्यांना ग्रीस लावून पहिले काही फेरे बोटांनीच द्यावेत. दोन्ही बाजूंना पान्याचे वरचे टोक सायकलच्या पुढच्या दिशेने फिरवले की पेडल घट्ट होते. शेवटी १५ मिमी पाना किंवा ६ वा ८ मिमी अ‍ॅलन की वापरून ३५ ते ५५ न्यूटन-मीटर इतके आवळावे. तिरके घुसवलेले पोलादी आटे अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकचे (पेडल ज्यात बसते त्या दांड्याचे) आटे खातात. ग्रीसविना बसवलेले पेडल पुढे क्रँकमध्येच धरून बसते.

क्लीट : अंगठ्याच्या व करंगळीच्या मुळाशी असलेल्या हाडांच्या उंचवट्यांमध्ये किंवा त्याच्या ५ ते १० मिमी मागे, उताराच्या वाटांसाठी मागची जागा स्थिर. बोल्ट ४ मिमी अ‍ॅलन कीने ५ ते ६ न्यूटन-मीटर आवळतात आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासतात. हे टाळल्यास सर्वांत घातक दोष उद्भवतो : बोल्ट सैल होतो, टाच वळवल्यावर बूट फिरतो पण क्लीट जबड्यातच राहते, आणि पाय सुटत नाही. अशा वेळी बूट काढून पाय मोकळा करावा, मग स्प्रिंगचा ताण पूर्ण उतरवावा. क्लीट नीट अडकत नसेल तर आधी तळव्याचे रबर पाहावे. ते पेडलवर टेकत असल्यास थोडे कापावे किंवा क्लीटखाली पातळ चकती घालावी. नव्या पेडलचा ताण किमान ठेवून, भिंतीला धरून दोन्ही पायांनी अडकवण्या-सोडवण्याचा सराव झाल्यावरच वाटेवर जावे. झिजलेली क्लीट नकळत सुटू लागते. क्रँकब्रदर्सची पितळी क्लीट पोलादीपेक्षा लवकर झिजते.